स्प्लाइसिंग कसं होतं, आणि बिघडलं तर ते कसं पकडायचं

जनुकाच्या तपासणी अहवालातले दोन शेरे पुष्कळदा चुकीच्या निष्कर्षाकडे नेतात. एक, ‘बदल इन्ट्रॉनमध्ये आहे’, म्हणजे जनुकाच्या अशा भागात, जो अंतिम संदेशातून कापून टाकला जातो. दुसरा, ‘अमिनो आम्ल बदलत नाही’. दोन्ही वाचून बदल निरुपद्रवी धरला जातो, कारण आपण डीएनएची अक्षरं तीन-तीनच्या गटांत प्रथिनाच्या भाषेत वाचायला शिकलेलो असतो. पण प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोमपर्यंत संदेश पोहोचण्याआधी पेशीकेंद्रकात त्याच अक्षरांचं आणखी एक वाचन होऊन गेलेलं असतं: कुठे कापायचं, कुठे जोडायचं, कुठे संपवायचं. इन्ट्रॉन कापून उरलेले तुकडे, म्हणजे एक्सॉन, जोडण्याच्या कामाला स्प्लाइसिंग म्हणतात. त्या वाचनाचे नियम वेगळे आहेत. ते आधी समजून घेऊ आणि मग प्रयोगशाळेत ते कसे तपासायचे ते पाहू.

कच्चा आरएनए तयार होताना

आधी पूर्ण आरएनए, म्हणजे जनुकाची उतरवलेली प्रत, लिहून होतो आणि मग त्यावर प्रक्रिया सुरू होते, असं चित्र पाठ्यपुस्तकातल्या आकृतीमुळे मनात बसतं. प्रत्यक्षात बरीचशी प्रक्रिया लिहिणं चालू असतानाच होते. ही प्रत लिहिणाऱ्या आरएनए पॉलिमरेज २ या विकराला एक लांब शेपूट असतं. माणसात त्यात सात अमिनो आम्लांचा एकच तुकडा थोड्याफार फरकाने ५२ वेळा येतो. या तुकड्यातल्या पाचव्या जागेच्या सेरीनवर फॉस्फेट बसलं की टोपी घालणारी विकरं तिथे येतात. पुढे दुसऱ्या जागेच्या सेरीनवर फॉस्फेट वाढलं की शेवट कापणारी प्रथिनं जमू लागतात. म्हणजे हे शेपूट कारागिरांना वेळेवर हजर ठेवतं.

आरएनए जेमतेम २० ते ३० अक्षरांचा झाला की त्याच्या ५′, म्हणजे सुरुवातीच्या, टोकावर टोपी बसते: मिथाइल गट लावलेलं ग्वानोसीन, तेही उलटं, तीन फॉस्फेटांच्या पुलाने जोडलेलं. टोकाकडून आरएनए कुरतडणाऱ्या विकरांना हा उलटा जोड तोडता येत नाही. हीच टोपी पुढे पहिल्या इन्ट्रॉनच्या स्प्लाइसिंगला, केंद्रकाबाहेर जायला आणि रायबोसोमला बोलवायलाही कामी येते.

कापायच्या जागा कशा ओळखल्या जातात

माणसाचा एक्सॉन साधारण १२० ते १५० अक्षरांचा असतो, तर इन्ट्रॉन हजारो अक्षरांचे. काही लाखाच्याही पुढे जातात. डिस्ट्रॉफिन या स्नायूंतल्या प्रथिनाचं जनुक सुमारे २२ लाख अक्षरांचं आहे, त्यातून ७९ एक्सॉन जोडून होणारा संदेश सुमारे १४ हजार अक्षरांचा, आणि एकदा पूर्ण लिहायला सुमारे १६ तास लागतात. एवढ्या पसाऱ्यातून नेमक्या जागा शोधायला पेशीकडे चार खुणा आहेत.

पहिली, इन्ट्रॉनची सुरुवात. बहुसंख्य इन्ट्रॉन ‘जीयू’ने सुरू होतात (डीएनएतल्या ‘टी’च्या जागी आरएनएत ‘यू’ असतं), पण खूण दोन अक्षरांची नाही, नऊ अक्षरांची आहे: एक्सॉनची शेवटची तीन आणि इन्ट्रॉनची पहिली सहा. आदर्श क्रम ‘सीएजी’ आणि लगेच ‘जीयूएएजीयू’. यू१ या लहान आरएनएचं टोक या नऊ अक्षरांना पूरक असतं आणि जोडी जुळवून तिथे चिकटतं. म्हणून एक्सॉनचं शेवटचं ‘जी’ फार महत्त्वाचं. ते बदललं की अहवालात अमिनो आम्लाचा बदल लिहिला जातो, पण खरं नुकसान अनेकदा स्प्लाइसिंगचं असतं.

दुसरी, शाखाबिंदू. इन्ट्रॉनच्या शेवटापासून साधारण १८ ते ४० अक्षरं आधी असलेलं एक ‘ए’. यीस्टमध्ये त्याच्या भोवतीचा क्रम ‘यूएसीयूएएसी’ असा जवळपास ठरलेला असतो. माणसात तो इतका सैल असतो की नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही. तिसरी, शाखाबिंदू आणि शेवट यांच्यामधला ‘यू’ आणि ‘सी’ यांनी भरलेला पट्टा. चौथी, इन्ट्रॉनचा शेवट करणारं ‘एजी’.

या खुणा इतक्या आखूड आहेत की लांब इन्ट्रॉनमध्ये तशा दिसणाऱ्या शेकडो जागा सापडतात. खरी जागा कोणती, हे ठरतं आजूबाजूच्या मजकुरावरून. एक्सॉनच्या आत छोटे क्रम असतात, ज्यांना एसआर कुळातली प्रथिनं धरतात आणि यू१, तसंच शाखाबिंदूवर बसणारा यू२ हा दुसरा लहान आरएनए, यांना जवळ ओढतात. उलट, एचएनआरएनपी कुळातली प्रथिनं बसली की ती जागा झाकली जाते. अशी ओढाताण प्रत्येक एक्सॉनवर चालते आणि कुठल्या पेशीत कुठलं प्रथिन किती आहे यावर निकाल बदलतो. माणसाच्या एकाहून अधिक एक्सॉन असलेल्या जनुकांपैकी सुमारे ९५ टक्के जनुकांतून एकापेक्षा जास्त प्रकारचे संदेश निघतात, त्याचं मूळ इथे आहे. फळमाशीच्या डीस्कॅम जनुकातून तर ३८,०१६ वेगवेगळे संदेश बनू शकतात.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण एसएमएन२ जनुकाचं. त्याच्या सातव्या एक्सॉनमध्ये सहाव्या जागी ‘सी’च्या ऐवजी ‘टी’ आहे. अमिनो आम्ल तेच राहतं, पण एक्सॉनमधली मदतीची खूण जाते आणि बहुतेक संदेशांतून सातवा एक्सॉन गळतो. एसएमएन१ हे त्याचं जुळं जनुक निकामी असलेल्या (म्हणजे एसएमए हा स्नायू दुबळे करणारा आजार असलेल्या) बाळाला एसएमएन२ पुरेसा आधार देऊ शकत नाही, ते याच एका अक्षरामुळे.

कापणं आणि जोडणं

यू१ सुरुवातीला बसतो. एसएफ१ हे प्रथिन शाखाबिंदू धरतं, यू२एएफचा मोठा भाग ‘यू-सी’चा पट्टा आणि लहान भाग शेवटचं ‘एजी’ धरतो. मग यू२ येऊन एसएफ१ला हटवतो आणि शाखाबिंदूभोवती अशी जोडी जुळवतो की ते ‘ए’ बाहेर फुगून राहतं. त्यानंतर यू४, यू५ आणि यू६ हे आणखी तीन लहान आरएनए एकत्र येतात. या सगळ्या यंत्राला स्प्लाइसिओसोम म्हणतात. यू६ हा यू१ची जागा घेतो, यू४ सोडून जातो, आणि मोकळा झालेला यू६ यू२शी गुंफून कापण्याचं केंद्र तयार करतो. तिथे मॅग्नेशियमचे दोन आयन धरलेले असतात. कापण्याचं रसायन आरएनएच करतो, प्रथिनं त्याला आकारात धरून ठेवतात.

रासायनिक पायऱ्या दोनच. पहिलीत शाखाबिंदूच्या ‘ए’चा २′ हायड्रॉक्सिल गट इन्ट्रॉनच्या सुरुवातीच्या बंधावर हल्ला करतो. आधीचा एक्सॉन सुटतो आणि इन्ट्रॉनचं टोक त्या ‘ए’ला जोडून फासासारखी गाठ तयार होते. दुसरीत सुटलेल्या एक्सॉनचं ३′, म्हणजे शेवटचं, टोक इन्ट्रॉनच्या शेवटच्या बंधावर हल्ला करतं. दोन एक्सॉन जोडले जातात, फास बाहेर पडतो, तो उलगडून नष्ट केला जातो. दोन्ही वेळा एक बंध तुटून एक बनतो, म्हणून या रसायनाला स्वतःला एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं इंधन, लागत नाही. एटीपी खर्च होतो तो हे सगळे भाग जुळवण्या-सोडवण्यात आणि चुकीची जुळणी मोडून टाकण्यात.

जोड तयार झाला की त्याच्या २० ते २४ अक्षरं आधी प्रथिनांचा एक संच चिकटवला जातो. ‘इथे इन्ट्रॉन होता’ अशी ही खूण पुढे फार कामाची ठरते.

थोडे इन्ट्रॉन, माणसात ७०० ते ८००, वेगळ्या यंत्रणेने कापले जातात. तिच्यात यू१ आणि यू२ यांच्या जागी यू११ आणि यू१२ असतात. आपल्या जनुकातला इन्ट्रॉन या गटातला आहे का, हे आधी पाहून घ्या. नाहीतर नेहमीच्या खुणा लावून केलेलं सगळं वाचन चुकतं.

शेपूट

‘एएयूएएए’ ही सहा अक्षरं दिसली की त्यांच्यापुढे १० ते ३० अक्षरांवर आरएनए कापला जातो. कापण्याच्या जागेपुढे ‘जी-यू’ने भरलेला भागही लागतो. कापलेल्या टोकाला सस्तन प्राण्यांत सुमारे २०० ते २५० ‘ए’ जोडले जातात. अल्फा ग्लोबिनच्या एका जनुकात या सहापैकी शेवटचं ‘ए’ बदलून ‘जी’ झालं की अल्फा थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार होतो, म्हणून तपासणीत शेपटाची जागा विसरू नका. पेशी विभागताना लागणाऱ्या हिस्टोन संदेशांना मात्र असं शेपूट नसतं. त्यांच्या टोकाला आरएनएचीच एक घडी असते. प्रयोगात ‘टी’ अक्षरांच्या प्राइमरने (ज्यापासून नक्कल सुरू होते त्या छोट्या तुकड्याने) त्यांना पकडायला गेलात तर हाती काही लागणार नाही.

बदल कागदावर वाचताना

जनुकाचा संदर्भक्रम घ्या आणि बदलाच्या दोन्ही बाजूंचे एक्सॉन-इन्ट्रॉनचे जोड मांडा. बदल इन्ट्रॉनच्या पहिल्या दोन किंवा शेवटच्या दोन अक्षरांत असेल तर स्प्लाइसिंग बिघडणार असं धरूनच चाला. प्रश्न फक्त बिघडून काय होतं याचा. तिसऱ्या ते सहाव्या अक्षरातला बदल जास्त अवघड. बीटा ग्लोबिनच्या पहिल्या इन्ट्रॉनमध्ये पाचव्या जागी ‘जी’चं ‘सी’ झालं की मूळ जागा कमजोर होते आणि पेशी तीन आडजागा, म्हणजे एरवी न वापरल्या जाणाऱ्या पण खुणेसारख्या दिसणाऱ्या जागा, वापरू लागते: मूळ जोडाच्या ३८ आणि १६ अक्षरं आधी आणि १३ अक्षरं नंतर. थोडे बरोबर संदेशही निघत राहतात. याच इन्ट्रॉनमध्ये ११०व्या जागी ‘जी’चं ‘ए’ झालं तर मूळ जागा शाबूत राहते, पण तिच्या अलीकडे एक नवं ‘एजी’ तयार होतं. स्प्लाइसिओसोम बहुतांश वेळा तेच निवडतो आणि संदेशात १९ अक्षरं जादा राहतात.

जोडांपासून दूर असलेले बदलही सोडू नका. सिस्टिक फायब्रोसिसशी संबंधित सीएफटीआर जनुकात एका एक्सॉनपासून सुमारे १० हजार अक्षरं आत ‘सी’चं ‘टी’ झालं की नवी सुरुवातीची खूण बनते आणि इन्ट्रॉनचा ८४ अक्षरांचा तुकडा एक्सॉन म्हणून संदेशात शिरतो. ८४ला तीनने भाग जातो, तरी त्यात थांबण्याचा संकेत आहे. फक्त एक्सॉन वाचणाऱ्या तपासणीत हा बदल दिसतच नाही. लॅमिन ए जनुकातला १८२४व्या जागी ‘सी’चं ‘टी’ करणारा बदल अमिनो आम्ल बदलत नाही, पण एक्सॉनच्या आतली आडजागा बळकट करतो. त्यातून १५० अक्षरं, म्हणजे ५० अमिनो आम्लं, गळतात आणि प्रोजेरिया हा अकाली म्हातारपणाचा आजार होतो.

स्प्लाइसएआयसारखी स्प्लाइसिंगचा अंदाज करणारी संगणकीय साधनं ० ते १ असा गुण देतात. ०.२च्या वर संशय, ०.५च्या वर ठोस संशय, ०.८च्या वर जवळपास खात्री, असा ढोबळ वापर ठीक आहे. मात्र हा गुण जागा बदलेल का ते सांगतो. कुठल्या ऊतीत किती टक्के संदेश बिघडतील ते आरएनए पाहूनच कळतं.

प्राइमर मांडण्याआधीचा हिशोब

प्रयोगशाळेत आरएनएपासून डीएनए प्रत बनवून पीसीआरने (निवडलेल्या तुकड्याच्या असंख्य प्रती करणाऱ्या पद्धतीने) तिचं माप पाहतात; त्याचा प्राइमर संशयित एक्सॉनमध्ये किंवा लगेच शेजारी नको, प्रत्येक बाजूला एक पूर्ण एक्सॉन सोडून पलीकडे हवा. शेजारचा एक्सॉनही सोबत गळू शकतो आणि प्राइमरची जागाच गेली तर तो संदेश दिसणार नाही. मग अपेक्षित मापं आधीच लिहून ठेवा. समजा, प्राइमर तिसऱ्या आणि सातव्या एक्सॉनमध्ये आहेत, नेहमीचा तुकडा ४२० अक्षरांचा, पाचवा एक्सॉन १२७ अक्षरांचा आणि चौथा इन्ट्रॉन ९०० अक्षरांचा आहे. पाचवा एक्सॉन गळला तर २९३, चौथा इन्ट्रॉन राहिला तर १३२०, एक्सॉनच्या आत ३८ अक्षरांवरची आडजागा वापरली तर ३८२. १२७ला तीनने भागल्यावर एक उरतो, म्हणजे वाचनाची चौकट मोडणार आणि पुढे लवकरच थांबण्याचा संकेत येणार. हा हिशोब आधी केलेला असला की जेलवर (तुकडे मापानुसार वेगळे करणाऱ्या थरावर) दिसेल त्या पट्टीला सोयीचा अर्थ लावण्याचा मोह होत नाही.

आरएनए काढणं

जनुक ज्या ऊतीत बोलतं तिचाच नमुना हवा. रक्त सोपं मिळतं म्हणून घेतलं आणि जनुक तिथे जवळपास बंद असेल, तर मिळणारे थोडेसे संदेश गोंधळलेले असतात. त्यांवरून निर्णय देऊ नका. रक्त घ्यायचंच तर आरएनए टिकवणारं द्रावण असलेल्या नळीत घ्या. साध्या नळीत तासन्‌तास राहिलेल्या पेशी ताणाखाली स्प्लाइसिंग बदलतात आणि तो कृत्रिम फरक रुग्णाच्या माथी मारला जातो.

आरएनए तोडणारी विकरं उकळूनही पूर्ण मरत नाहीत. हातमोजे वारंवार बदला, गाळणी असलेली टोकं वापरा, नमुना बर्फावर ठेवा आणि छोटे भाग करून उणे ८० अंशांवर साठवा. प्रकाशशोषणाचं २६० आणि २८० नॅनोमीटरचं गुणोत्तर २.०च्या आसपास हवं. २६० आणि २३०चं गुणोत्तर १.८च्या खाली असेल तर ग्वानिडीन किंवा फिनॉल मागे राहिलं आहे, पुन्हा धुवा. जेलवर रायबोसोमच्या आरएनएतली २८एसची पट्टी १८एसच्या साधारण दुप्पट गडद दिसली पाहिजे. यानंतर डीएनएज हे डीएनए तोडणारं विकर देऊन डीएनए काढा. ही पायरी गाळली तर उरलेल्या डीएनएमधून येणारा इन्ट्रॉनसकटचा तुकडा ‘इन्ट्रॉन राहिला’ असा खोटा निकाल देतो.

सीडीएनए आणि पीसीआर

सीडीएनए म्हणजे आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत; ती रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर बनवतं. २० मायक्रोलिटर अभिक्रियेत १ मायक्रोग्राम आरएनए घ्या. ‘टी’चा प्राइमर शेपटापासून सुरुवात करतो, त्यामुळे पक्के संदेश निवडले जातात, पण लांब संदेशात ५′ टोकापर्यंत पोहोचत नाही. यादृच्छिक सहा अक्षरी प्राइमर सगळीकडे बसतात, पण अजून न कापलेला आरएनएही उचलतात. दोन्ही वापरून केलेले निकाल जुळले तर विश्वास ठेवा.

तीन नियंत्रणं अनिवार्य: रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली नळी, नमुनाच न घातलेली नळी, आणि त्याच पद्धतीने, त्याच दिवशी केलेले किमान तीन निरोगी नमुने. काही एक्सॉन निरोगी माणसातही थोडेफार गळतात. एकाच निरोगी नमुन्याशी तुलना केली तर ते लक्षात येत नाही.

२५ मायक्रोलिटर पीसीआरला १ मायक्रोलिटर सीडीएनए पुरतो. प्राइमर ६० अंशांच्या आसपास बसतील असे निवडा, वाढीसाठी दर १००० अक्षरांना एक मिनिट द्या, आणि तेही सर्वांत मोठ्या अपेक्षित तुकड्याच्या हिशोबाने. आवर्तनं २८ ते ३२च ठेवा. ४० आवर्तनांनी पट्टी सुंदर दिसते, पण तोवर अभिक्रिया साचलेली असते आणि आखूड तुकडे पुढे गेलेले असतात. त्या पट्ट्यांच्या गडदपणावरून टक्केवारी काढणं चुकीचं.

३० ते ४० अक्षरांचा फरक २ टक्के अॅगरोजवर दिसतो, २० अक्षरांसाठी ३ टक्के घ्या. चार-पाच अक्षरांचा फरक जेलवर शोधू नका. एका प्राइमरला चमकणारा रंग लावून केशनलिका यंत्रावर मापा. प्रत्येक वेगळी पट्टी कापून तिचा क्रम वाचा. ३८२ माप मिळालं म्हणजे तीच आडजागा वापरली गेली, हे क्रम वाचेपर्यंत गृहीतकच आहे.

दोन मापांच्या मध्ये किंवा मोठ्या पट्टीच्या वर एक अनपेक्षित पट्टी वारंवार दिसते. ती बहुधा लांब आणि आखूड धाग्यांची मिश्र जोडी असते, नवा संदेश नसतो. पीसीआरचं मिश्रण ताज्या अभिक्रियेत दहापट पातळ करून तीन आवर्तनं द्या. पट्टी गेली तर ती मिश्र जोडी होती.

काहीच बिघडलेलं दिसत नाही तेव्हा

हा निकाल सर्वांत फसवा असतो. चुकीच्या संदेशात थांबण्याचा संकेत शेवटच्या जोडाच्या ५० ते ५५ अक्षरांपेक्षा जास्त आधी आला, की रायबोसोम थांबतो तेव्हा पुढे जोडावरचा प्रथिनसंच अजून चिकटलेला असतो. पेशी त्यावरून संदेश सदोष ठरवते आणि नष्ट करते. जेलवर मग फक्त दुसऱ्या, निरोगी प्रतीची पट्टी उरते आणि सगळं ठीक दिसतं.

दोन उपाय करा. वाढवलेल्या पेशींना ४ ते ६ तास प्यूरोमायसीन २०० मायक्रोग्राम प्रति मिलिलिटर किंवा सायक्लोहेक्झिमाइड १०० मायक्रोग्राम प्रति मिलिलिटर द्या आणि न दिलेल्या पेशींशी तुलना करा. प्रथिननिर्मिती थांबली की ही छाटणीही थांबते, लपलेली पट्टी वर येते. दुसरा उपाय औषधाशिवायचा, आणि मला तो जास्त आवडतो: त्याच जनुकाच्या एक्सॉनमध्ये रुग्णाच्या दोन प्रतींत वेगळं असलेलं एखादं साधं अक्षर शोधा. डीएनएत दोन्ही अक्षरं आणि सीडीएनएत एकच दिसत असेल, तर एका प्रतीचा संदेश गायब आहे.

रुग्णाची योग्य ऊती मिळतच नसेल तर तो एक्सॉन आणि दोन्ही बाजूंची निदान २०० ते ३०० इन्ट्रॉन अक्षरं वाहक डीएनएत, दोन ओळखीच्या एक्सॉनांच्या मध्ये बसवा. मूळ आणि बदललेली अशा दोन आवृत्त्या पेशींत घाला आणि २४ ते ४८ तासांनी आरएनए काढा. मूळ आवृत्ती नीट कापली जात नसेल तर बदललेलीचा निकाल बाद. तुकडा आखूड पडला आहे, इन्ट्रॉन वाढवून पुन्हा करा.

बिघाडाचा प्रकार का नोंदवायचा

अहवालात ‘स्प्लाइसिंग असामान्य’ एवढंच लिहू नका. कोणती अक्षरं गेली किंवा वाढली, चौकट टिकली का, अंदाजे किती टक्के बरोबर संदेश उरला, कोणत्या ऊतीत आणि छाटणी थांबवून की न थांबवता पाहिलं, हे सगळं लिहा. उपचाराची शक्यता यावरच ठरते. जिथे खरी जागा शाबूत आहे आणि आडजागा तिला मागे टाकते, तिथे आडजागा झाकणारा छोटा कृत्रिम तुकडा उपयोगी पडू शकतो. एसएमएन२च्या सातव्या इन्ट्रॉनमधली अडवणारी खूण झाकून सातवा एक्सॉन परत आणणारं न्युसिनर्सेन हे १८ अक्षरांचं औषध अमेरिकेत २०१६ साली मंजूर झालं. डिस्ट्रॉफिनमध्ये उलट चाल आहे: ५१वा एक्सॉन मुद्दाम गाळून मोडलेली चौकट पुन्हा जुळवायची, म्हणजे आखूड पण काही काम करणारं प्रथिन बनतं. पण इन्ट्रॉनचं पहिलं ‘जी’च गेलेलं असेल तर झाकण्यासारखं काही उरत नाही. तिथे एक्सॉन गाळून चौकट जुळते का, हा १२७ भागिले तीनचाच हिशोब पुन्हा करावा लागतो.